उकळून पाजलेलं पाणी

भांडी घासायची तारेची घासणी बाथरूमच्या नळाखाली पडलेली दिसली, तेव्हा मला आधी रागच आला. स्वयंपाकघरातली वस्तू इथं कुणी आणली, हे विचारायला मी मुलीला हाक मारली. ती आली तीच तोंडावर रुमाल धरून. रुमाल बाजूला करायला लावला तर ओठाला आतून ओरखडे आणि वरच्या हिरडीतून रक्त येत होतं.

"काय केलंस हे?"

"ब्रशनं निघत न्हाईत गं मम्मी डाग. म्हणून ह्यानं घासून बघितलं."

अकरा वर्षांची होती. सहावीत. तिच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. दुधाचे दात चांगले पांढरे होते, ते पडून पक्के आले ते तसेच आले. वरचे दोन तर चहात बुडवून काढल्यासारखे दिसायचे. शाळेत पोरं तिला 'तंबाखू' म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. वर्गाचा फोटो काढायचा होता आणि ती ओठ मिटून बसली म्हणून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं होतं, "तंबाखू, हस की."

आणि मी काय करत होते? ते दात आल्यापासून रोज सकाळी तिला एकच गोष्ट ऐकवत होते. नीट घास, आळशी कुठली. मी घरी ब्लाऊज शिवते. दिवसभर बायांचं येणं-जाणं असतं. त्यांच्यासमोरही बोलून झालं होतं, "हिला सांगून सांगून दमले बाई, दात घासायचा लई कंटाळा." ती तिथंच मशीनशेजारी बसून दोरे कापत असायची. मान वर करायची नाही.

आमचं घर तालुक्याच्या गावाबाहेर, शेताचे प्लॉट पाडून झालेल्या वस्तीत आहे. नळाची लाइन आमच्यापर्यंत आली आहे, पण पाण्याची पाळी कधी आठ दिवसांनी येते, कधी बारा. म्हणून घर बांधायच्या आधीच आम्ही बोअर घेतला होता. पाणी लागलं तेव्हा माझे दिवस भरत आले होते, तरी मी खुर्ची टाकून मशीनचा आवाज ऐकत बसले होते. ते पाणी छतावरच्या टाकीत चढतं आणि तिथून घरातल्या नळांना येतं. दिसायला काचेसारखं. चवीला थोडं जड, पण जिभेला सवय होते.

मुलगी वर्षाची असताना तिला जुलाब झाले, सलाइन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, पाणी उकळून देत जा. तेव्हापासून ती शाळेत रुळेपर्यंत मी तिला कधी साधं पाणी दिलं नाही. सकाळी उठलं की पहिलं पातेलं पाण्याचं. नुसती उकळी फुटली की उतरवणाऱ्यांतली मी नव्हते. भरलेलं पातेलं पाऊण होईपर्यंत ठेवायचे, मग गाळून तिच्या वेगळ्या तांब्यात. गॅस संपत आला तर आमचा चहा बंद व्हायचा, तिचं पाणी नाही. पाचसहा वर्षं हे केलं. माझी आई सगळ्यांना सांगायची, लेकीचं किती करते बघा.

तर त्या घासणीच्या दिवसानंतर आम्ही तिला बीडला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. आमचे हे एसटीत कंडक्टर आहेत. त्यांनी रजा काढली, धाकट्या मुलाला माझ्या आईकडे ठेवलं आणि आम्ही तिघं गेलो. डॉक्टर बाई तरुण होती. तिनं आरसा लावून एकेक दात बघितला, मग आरसा खाली ठेवला.

"पिण्याचं पाणी कोणतं?"

"घरचा बोअर आहे," हे म्हणाले.

"किती वर्षांपासून?"

"ही पोटात होती तेव्हापासून," मी म्हणाले.

"हे दात किडलेले नाहीत आणि ही घाणही नाही. पाण्यात फ्लोराईड जास्त असलं की असं होतं. पक्के दात लहानपणी हिरडीच्या आत तयार होत असतात, तेव्हाच हे दातात बसतं. बाहेरून कितीही घासलं तरी निघायचं नाही."

मुलगी खुर्चीत आडवी होती. तशीच म्हणाली, "म्हणजे मी नीट घासत होते?"

"अगदी छान घासत होतीस. फक्त ती घासणी आता नको."

मग मुलीनं माझ्याकडे बघितलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

मला तिथं गप्प बसवेना. मी म्हणाले, "पण मॅडम, मी तर तिला लहानपणी कायम उकळूनच पाणी दिलंय. चांगलं आटवून."

डॉक्टर बाई म्हणाली, "उकळल्यानं जंतू मरतात. फ्लोराईड तसंच राहतं. पाणी आटतं, ते आटत नाही."

माझं तोंड बघून तिनं लगेच सावरलं. "तुमची चूक नाही यात. पाण्यातच होतं ते. आटवल्यानं फार काही फरक पडला नसेल."

फार काही. हे दोन शब्द मी घरी घेऊन आले.

निघताना तिनं विचारलं, अजून मुलं आहेत का. मुलगा आहे, दोन वर्षांचा, असं सांगितल्यावर म्हणाली, "मग आता त्याचं बघा. त्याचे पक्के दात अजून बनतायत. आठेक वर्षांचा होईपर्यंत पाणी सांभाळा. हिच्या दातांवर मोठी झाल्यावर वरून थर लावता येईल, पण आत्ता घाई नको."

परतीच्या गाडीत यांना बसायला जागा मिळाली तरी हे उभेच राहिले. बऱ्याच वेळानं माझ्याकडे वाकून म्हणाले, "बोअर घ्यायचं मीच म्हणालतो."

"मला बी पाहिजेच होता की," मी म्हणाले. "नळाच्या भरवशावर राहिलो असतो तर?"

मुलगी खिडकीशी झोपली होती, किंवा झोपल्यासारखं करत होती.

फिल्टर घ्यायचा, एवढं ठरलं. कोणता, ते विचारायचं कुणाला? माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईचं वेगळं. एक म्हणाली, कँडलचा घ्या, आमच्याकडं वीस वर्षं हाय. एक म्हणाली, तुरटी फिरवा. एकीनं तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवायला सांगितलं. एक म्हणाली, "फिल्टर कावून घेता? जार लावा की, सगळी कॉलनी जार पिते." सगळ्या मनापासून सांगत होत्या. कुणाच्याच पाण्यात काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं.

शेवटी यांना गाडीत एका ओळखीच्या प्रवाशानं दुकान सुचवलं आणि हे एक मशीन घेऊन आले. भिंतीवर लावायचं, आत निळा दिवा. खोक्यावर एका हसऱ्या बाळाचं चित्र होतं. दिवा लागला की पाणी शुद्ध झालं, असं दुकानदारानं सांगितलं होतं. मला ते खरं वाटलं. खरं वाटावं अशी माझीच इच्छा होती. मी धाकट्याला त्याच पाण्यात भात शिजवून द्यायचे. कुणी घाईत साध्या नळाचा ग्लास त्याच्या तोंडाला लावला तर झडप घालून काढून घ्यायचे. पाच महिने असे गेले, आणि त्या पाच महिन्यांत मला बरं वाटत होतं.

मग बोअरची मोटर जळाली. ती काढायला आमचे नेहमीचे मिस्त्री आले. वयस्कर गृहस्थ, बसस्टँडमागं त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, मी त्यांना चाचा म्हणते. काम झाल्यावर पाणी मागितलं. मी मोठ्या कौतुकानं मशीनचं पाणी दिलं. त्यांनी एक घोट घेतला आणि भिंतीकडं बघितलं.

"भाभी, हे कशासाठी घेतलं?"

मी मुलीच्या दातांचं सांगितलं.

"मंग हे न्हाई चालत. हे जंतू मारायचं मशीन हाय. तुमच्या बोअरात जंतू कुठून येणार इतक्या खाली? तुमचा खार दगडातला हाय. तो उजेडाला भीत न्हाई."

"पण दुकानदार म्हणाला..."

"दुकानदारानं पाणी बघितलं का तुमचं? आधी पाणी तपासा, मंग मशीन घ्या. डॉक्टर बी आधी रिपोर्ट बघतो ना? तुमी आधी गोळी घेतली."

पाणी तपासून मिळतं हेच मला माहीत नव्हतं. हे दुसऱ्याच आठवड्यात बीडच्या प्रयोगशाळेत दोन बाटल्या घेऊन गेले. एक थेट नळाची, एक निळ्या दिव्याच्या मशीनची. काही दिवसांनी दोन कागद आले. जंतूंच्या रकान्यात दोन्हीकडे काही नाही. फ्लोराईडच्या रकान्यात दोन्हीकडे तोच आकडा, आणि शेजारी छापलेल्या मर्यादेच्या बराच वर. म्हणजे नसलेले जंतू ते मशीन पाच महिने मारत होतं. मी ते कागद शिवणाच्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत बसले. एका बाईचा ब्लाऊज त्या दिवशी द्यायचा होता, तो राहिला.

प्रयोगशाळेतल्या माणसानं यांना नीट समजावून सांगितलं होतं. फ्लोराईड धरून ठेवणारे खास दाणे भरलेला फिल्टर असतो, पण ते दाणे ठरावीक काळानं ताजे करावे लागतात आणि तुमच्या गावात ते करणारा कुणी मिळेल असं वाटत नाही. दुसरा उपाय आरओ, म्हणजे अगदी बारीक जाळीतून पाणी दाबून गाळणारं मशीन. फक्त एक लक्षात ठेवा, म्हणाला, आरओ जेवढं पाणी देतो त्याच्या दुप्पट-तिप्पट सोडून देतो.

आरओवाला घरीच आला. चाचांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "तो दांड्यांचा खेळ करंल. करू द्या. मंग त्याच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका."

त्यानं खरंच दोन ग्लास मांडले. एकात आमच्या नळाचं पाणी, एकात त्यानं आणलेलं. दोन्हीत लोखंडी दांड्या सोडून बटण दाबलं. मिनिटभरात आमच्या ग्लासातलं पाणी गंजासारखं तांबडं झालं, वर फेसाळ थर आला. त्याचं तसंच स्वच्छ. मुलगी शाळेतून नुकतीच आली होती, दप्तर पाठीवर तसंच. ती पुढं येऊन म्हणाली, "मम्मी, हे आपण पितो?"

"हेच तुमच्या पोटात जातंय, बेटा," तो म्हणाला.

मी उठून मीठ आणलं आणि त्याच्या ग्लासात टाकलं. "आता लावा परत."

"कशाला, ताई?"

"लावा तर."

त्याचंही पाणी तांबडं झालं. चाचांनी सांगितलं होतं तसं मुलीला मी समजावलं की हा दांड्यांचाच गंज आहे, खाराच्या पाण्यात वीज धावते म्हणून सुटतो. तो माणूस चिडला नाही. वायर गुंडाळत हळू आवाजात म्हणाला, "आमाला असंच शिकवून पाठवतात, ताई. न्हाई केलं तर मशीन खपत न्हाई."

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण खेळ खोटा असला तरी मशीन मला लागणारच होतं. खोटं दाखवून तो गरजेचीच वस्तू विकत होता. जाळी बदलायला वेळेवर येईन असा शब्द त्यानं दिला, तसा दुसऱ्या कुणी दिला नव्हता, म्हणून त्याच्याकडूनच घेतलं. वर्षभरात तो नोकरी सोडून पुण्याला गेला.

आरओ बसला आणि मुलगा पहिला ग्लास प्यायला. "ह्याला चवच न्हाई," म्हणाला. आम्ही हसलो. यांनी या वेळी मशीनच्या पाण्याची बाटली आठवड्यातच तपासायला नेली. आकडा मर्यादेच्या आत आला होता. तो कागद मी देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला.

पण मशीनच्या मागच्या नळीतून एक धार सतत चालू असायची. एक हंडा पिण्याचं भरेपर्यंत खालच्या बादल्या भरून वाहायच्या. ते पाणी आमच्याच बोअरचं, आणखी जड झालेलं. त्यानं भांडी धुतली की पांढरे ओघळ राहायचे, फरशीवर राप चढायचा. कढीपत्त्याच्या झाडाला घालून बघितलं, त्याची पानं कडेनं करपली. ज्या घरात नळाच्या पाळीला मी कामं सोडून उभी राहायचे, त्याच घरात मी रोज बादल्यांनी पाणी गटारीत सोडत होते. शेजारीण एकदा म्हणाली, "आमाला प्यायला न्हाई आन् तुमी सांडून देताव." तिला काय सांगणार? तिचंही लेकरू माझ्या मुलाएवढंच होतं आणि बोअरचंच पाणी पीत होतं. मी तिला कागद दाखवला, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता हे कळून काय करू मी? मशीन तर घेऊ शकत न्हाई." त्या दिवसापासून मी तिला रोज एक कळशी द्यायला लागले. म्हणजे खालच्या बादल्या आणखी वाहायला लागल्या.

दुसऱ्या उन्हाळ्यात बोअरनं दम सोडला. मोटर लावली की पाच मिनिटं पाणी, मग नुसती हवा. टँकर सुरू झाले. टँकरचं पाणी कुठल्या विहिरीचं, कुठल्या बोअरचं, हे ड्रायव्हरलाही धड सांगता यायचं नाही. आज एक, उद्या दुसरं. तपासायचं तरी कोणतं? रिपोर्ट येईपर्यंत ते पाणी पिऊन झालेलं असायचं. त्या गढूळ पाण्यानं मशीनची जाळी तुंबली. कंपनीच्या नंबरवर फोन लावला की एक बाई गोड आवाजात तक्रार लिहून घ्यायची आणि कुणी यायचं नाही. चाचांनी उघडून बघितलं. "भाभी, माझं काम मोटरचं. ही जाळी बाहेरून मागवावी लागंल," म्हणाले आणि पैसे न घेता निघून गेले.

जवळजवळ दोन महिने आम्ही जार प्यायलो. जार टाकायला येणाऱ्याला मी विचारलं, "भाऊ, ह्याचं पाणी तपासलंय का?"

"गार हाय ना, ताई," तो म्हणाला आणि पुढच्या घराकडं गेला.

मुलगा तोवर अंगणवाडीत जायला लागला होता. मी त्याच्या गळ्यात बाटली अडकवून पाठवायचे, आणि ती भरलेलीच परत यायची. "मग तू पाणी कुठं प्यायलास?" "हापशावर. आमी सगळे तिथंच पितो. मी दांडा मारतो, त्यो पितो, मंग त्यो मारतो." सांगताना त्याला किती मजा येत होती. मी एकदा रागावले, एकदा समजावलं, एकदा त्याच्या पाठीत धपाटाही घातला. मग शिवणाच्या मशीनवर बसून रडले. चार वर्षांच्या पोराला तहान लागली की तो घरी यायची वाट बघणार आहे का? शाळा, मामाचं गाव, लग्नकार्यं, कपिलधारला गेलो तर तिथला धबधबा. मी कुठं कुठं पुरणार होते?

मुलीशी मात्र मला बोलायचं होतं, ते बरेच दिवस राहून गेलं होतं. एका दुपारी घरात दोघीच होतो. ती दोरे कापत होती, मी काजं करत होते.

"मी तुला दातांवरून लई बोलले," मी म्हणाले. "चुकलं माझं."

"तुला कुठं माहीत होतं."

"तरी."

तिनं कात्री खाली ठेवली. "घरात बोललीस त्याचं काही न्हाई, मम्मी. त्या बायांसमोर नको बोलायचं होतं."

मी सुईत दोरा ओवत बसले. दोरा दोनदा निसटला.

आता ती सोळा वर्षांची आहे, बीडला अकरावीत शिकते. दातांवर थर लावून घेऊ, असं आम्ही दोनदा म्हणालो. ती म्हणते, परीक्षा होऊ द्या. बोलताना तिचा हात आपसूक तोंडाशी जातो. आरओ आहे, दोनदा जाळी बदलून झाली, मध्येमध्ये बंद पडतो. मुलगा सात वर्षांचा झाला. खालचे दोन पक्के दात चांगले आले. आम्ही दोघांनी एकमेकांना न सांगता तेवढ्यावर आशा धरली होती. मग वरचे आले. त्यांच्यावर पांढरे, ढगासारखे पट्टे आहेत. तपकिरी नाहीत, पण आहेत.

डॉक्टर बाईनं बघून सांगितलं, "सौम्य आहे. बहिणीइतकं नाही."

"फिल्टरमुळं कमी झालं का?" यांनी विचारलं.

"असेलही. नक्की सांगता नाही यायचं."

"अजून थोडं आधी घेतला असता तर?" मी विचारलं.

गोळ्यांची चिठ्ठी लिहायची नव्हतीच, तरी ती पेन हातात धरून बसली.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी आली तेव्हा तिनं भावाला उजेडात उभं केलं आणि मोबाइलच्या टॉर्चनं त्याचे दात बघितले. बराच वेळ बघितले. मग टॉर्च बंद करून त्याच्यासमोर खाली बसली.

"हे घाण न्हाई बरं का. तू नीट घासतोस. कुणी काही म्हणलं तर आधी मला सांगायचं."

"मला कुणी काय म्हणतच न्हाई," तो म्हणाला.

"म्हणतील."

मी स्वयंपाकघरातून म्हणाले, "अगं, असं नको सांगू त्याला."

तिनं मागं वळून विचारलं, "मग काय सांगू?"

तो तोवर बहिणीच्या हातातून निसटून बाहेर खेळायला पळाला होता, बाटली न घेता.